आधीच्या भाडेकरूचं भाडं किती होतं?

२०२५ च्या मार्चमध्ये आमचे घरमालक जिना चढून वर आले. सत्तरीचे बांगलादेशी गृहस्थ, खालच्या मजल्यावरच राहायचे. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला, लेकीला खिशातून चॉकलेट दिलं आणि जाताना एक पाकीट टेबलावर ठेवून गेले. आत एका पानाची नोटीस: १ जुलैपासून भाडं २,४०० डॉलरवरून २,८५०. माणूस वाईट नव्हता. विमा वाढलाय, टॅक्स वाढलाय, हे सगळं त्यांनी चहा पिताना सांगितलंच होतं. आम्हाला त्या इकडतिकडच्या गप्पा वाटल्या, इतकंच.

नवरा म्हणाला, "असं कसं वाढवतील? न्यूयॉर्कमध्ये भाड्याला कायदा आहे ना?"

आहे. पण आमच्या घराला नव्हता. क्वीन्समधलं ते दोन कुटुंबांचं घर, वर आम्ही, खाली ते. भाडं स्थिर ठेवणारा जो कायदा (रेंट स्टॅबिलायझेशन), तो सहा किंवा जास्त घरं असलेल्या आणि १ जानेवारी १९७४ च्या आधी बांधलेल्या इमारतींना लागतो (करसवलत घेतलेल्या काही नव्या इमारतीही त्यात येतात). २०२४ मध्ये बाकीच्या भाडेकरूंसाठी 'गुड कॉज' नावाचा आणखी एक कायदा आला, पण ज्यांच्याकडे एकूण दहापेक्षा जास्त घरं नाहीत असे छोटे मालक त्यातून वगळलेत. आम्ही तिथे तीन वर्षं राहिलो होतो आणि वाढ पाच टक्क्यांच्या वर होती, म्हणून नव्वद दिवसांची पूर्वसूचना देणं त्यांना भाग होतं. कायद्याने आमच्या पदरात पडले ते एवढे नव्वद दिवस.

"रेंट स्टॅबिलाइज्ड बघूया," नवरा म्हणाला. मी नाक मुरडलं. त्याला कारण आहे.

मी गिरगावातली. चाळीतली पागडीची खोली, १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने बांधलेलं भाडं. बाबा दर महिन्याला ते भाडं मालकाच्या मुनिमाकडे चालत जाऊन द्यायचे. टॅक्सीने गेले असते तर टॅक्सीलाच जास्त पडले असते. मालक त्या पैशात काय दुरुस्ती करणार? आमच्या मजल्याच्या गॅलरीला मी शाळेत असल्यापासून लाकडी टेकू होते आणि पावसाळ्यात खोलीत तीन ठिकाणी बादल्या. दर आठवड्याला कुणीतरी म्हणायचं, "पुनर्विकास होणार." त्यामुळे 'भाडं बांधलेलं घर' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर टेकूच येतो.

इथलं बरंच वेगळं आहे, हे मला हळूहळू कळलं. भाडं गोठलेलं नसतं. दरवर्षी वाढतं, पण किती वाढायचं ते मालक ठरवत नाही. महापौरांनी नेमलेलं नऊ जणांचं एक मंडळ आहे, रेंट गाइडलाइन्स बोर्ड. ते जूनमध्ये मतदान करून आकडा ठरवतं आणि तो १ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या करारांना लागतो. आम्ही शोधत होतो तेव्हाचा आकडा होता एका वर्षाला २.७५ टक्के, दोन वर्षांच्या कराराला ५.२५. करोनाच्या वर्षी एका वर्षाच्या कराराला चक्क शून्य होतं. मालकाला करार संपल्यावर "निघा" म्हणता येत नाही, नवा करार द्यावाच लागतो. दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू तक्रार करून भाडं कमी करून घेऊ शकतो. आणि तुमचा व्हिसा कुठला आहे हे यात कुणी विचारत नाही. आमच्यासारख्या एच-वन-बीवाल्यांना, ज्यांची नोकरी गेली तर देशच सोडायची पाळी येते, त्यांना निदान घराच्या बाबतीत हा केवढा आधार.

अशी सुमारे दहा लाख घरं या शहरात आहेत म्हणतात. मग आम्हाला एक का मिळत नव्हतं?

कारण ज्यांना मिळालंय ते सोडत नाहीत. साधी गोष्ट. गिरगावातही कोण सोडत होतं?

एप्रिल सगळा साइटवर गेला. स्ट्रीटइझी या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर 'रेंट स्टॅबिलाइज्ड' हे शब्द टाकून शोधायचं, दुपारी जाहिरात दिसली की संध्याकाळी दाराशी पोचायचं, आणि तिथे आधीच पंधरा माणसं जिन्यात रांग लावून उभी. प्रत्येकाच्या हातात पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, नोकरी असल्याचं पत्र. इथला नियमच आहे (कायद्यातला नाही, दलालांचा): वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवं. नसेल तर जामीनदार, त्याचं ऐंशीपट. शहराची परवडणाऱ्या घरांची लॉटरीसुद्धा भरली. आमचा क्रमांक एक्केचाळीस हजारांच्या घरात लागला. लेकीच्या लग्नापर्यंत नंबर येईल, असं नवरा म्हणतो.

मग मी पद्धत बदलली. गाइडलाइन्स बोर्डाच्या साइटवर प्रत्येक बरोमधल्या (बरो म्हणजे क्वीन्ससारखा शहराचा मोठा विभाग) अशा इमारतींची यादी असते. फक्त पत्ते, कुठलं घर रिकामं आहे ते नाही. क्वीन्सची यादी काढली, एल्महर्स्ट, वुडसाइड, सनीसाइड एवढेच भाग ठेवले, म्हणजे जॅक्सन हाइट्सच्या ७४ व्या रस्त्यावरच्या भारतीय दुकानांतलं वाणसामान चालत आणता येईल. लेकीला स्ट्रोलरमध्ये घालून शनिवार-रविवारी त्या पत्त्यांवरून फिरायला लागले. इमारतीच्या दाराशी एक पाटी असते, त्यावर सुपरचा फोन. सुपर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, बहुधा तळमजल्यावर किंवा तळघरात राहतो. कुणाचं घर रिकामं होणार हे मालकाच्या ऑफिसला कळण्याआधी त्याला कळतं, कारण जुना सोफा फुटपाथवर कधी ठेवायचा ते लोक त्यालाच विचारतात.

घरी येऊन प्रत्येक पत्ता शहराच्या गृहखात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या साइटवर घालायचे. तिथे त्या इमारतीवर नोंदवलेल्या सगळ्या त्रुटी दिसतात, ए, बी, सी अशा वर्गांत. सी म्हणजे तातडीची: हीटिंग नाही, शिशाचा रंग, उंदीर. एका देखण्या इमारतीवर, पितळी कड्या, लॉबीत संगमरवर, सीच्या अठ्ठावीस नोंदी निघाल्या. यादीतून काढली. हे एक काम गिरगावात कुणी करू शकलं असतं तर!

मेच्या शेवटी एक घर हातात येता येता गेलं. दलालाने वार्षिक भाड्याच्या पंधरा टक्के मागितले, साडेतीन हजारांच्या वर. तो दलाल मालकाचा, जाहिरात मालकाची, आणि पैसे आमचे. मुंबईत एक महिन्याचं ब्रोकरेज देताना आपण कुरकुरतो! त्यातली मेख अशी की ११ जून २०२५ पासून नवा नियम लागू होणार होता: ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे. दोन आठवडे थांबा म्हटलं, तर तो हसला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याने तिथल्या तिथे चेक फाडला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एल्महर्स्टच्या एका सुपरचा फोन आला. चौथ्या मजल्यावरचा मुलगा टेक्ससला चाललाय, ऑफिसमधून जाहिरात यायची आहे, उद्या सकाळी या. सहा मजली विटांची इमारत, चोपन्न घरं, १९३० च्या दशकातली. लिफ्ट आहे, कुरकुरते. वन बेडरूम, स्वयंपाकघराला खरी खिडकी, बाहेर फायर एस्केप, म्हणजे आग लागली तर उतरायचा लोखंडी जिना. ऑफिसातल्या बाईंनी अर्जाची फी म्हणून माणशी पंचाहत्तर डॉलर सांगितले. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "मला वाटतं, कायद्याने वीसच घेता येतात." बाईंनी माझ्याकडे वर पाहिलं आणि वीस लिहिले. २०१९ च्या कायद्यातलं हे कलम मला पाठ होतं, आणि मला वाटतं, त्याच क्षणी मी त्यांच्या डोक्यात 'त्रासदायक' या खान्यात गेले. डिपॉझिट एकाच महिन्याचं, तेही त्याच कायद्याने. मुंबईच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येतं.

करार ११ जूननंतर झाला. दलाली शून्य. आणि इथे खरी गोष्ट सुरू होते.

कराराला एक जोडपत्र असतं, रायडर. ते लावावंच लागतं. त्यात आधीच्या भाडेकरूचं कायदेशीर भाडं किती होतं आणि त्यावरून तुमचं भाडं कसं काढलं, हे मालकाने लिहायचं असतं. आमच्या रायडरवर तीन ओळी होत्या: आधीचं भाडं १,९००; त्यावर २.७५ टक्के म्हणजे ५२.२५, आणि 'घरातल्या सुधारणा' १५०. एकूण २,१०२ डॉलर २५ सेंट. सुधारणांचा खर्च २७,००० दाखवलेला. पस्तिसाहून जास्त घरांच्या इमारतीत खर्चाचा एकशे ऐंशीवा भाग महिन्याच्या भाड्यात घालता येतो. सत्तावीस हजार भागिले एकशे ऐंशी, बरोबर दीडशे. हिशोब चोख.

आम्ही सही केली. आमच्या जुन्या घराच्या २,८५० पुढे २,१०२ म्हणजे लॉटरीच होती, आणि जुलैला तीन आठवडेही उरले नव्हते. सही करण्याआधी भाड्याचा इतिहास बघता आला असता तर बरं झालं असतं. पण तो राज्याच्या गृह विभागाकडे, डीएचसीआरकडे असतो आणि तिथे राहणाऱ्या भाडेकरूलाच देतात. म्हणजे आधी लग्न, मग पत्रिका.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तो मागवला. फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा, आणि तो टपालाने त्याच पत्त्यावर येतो. तीन आठवड्यांनी आला. साधी पानं, कॉम्प्युटरच्या जुन्या छपाईसारखी: वर्ष, भाडेकरूचं नाव, कराराच्या तारखा, कायदेशीर भाडं. नोंदी १९८४ पासून.

त्या रात्री लेक झोपल्यावर मी ती पानं कादंबरीसारखी वाचली. १९८४ पासून २०११ पर्यंत एकाच बाईंचं नाव. ३३८ डॉलर १६ सेंटपासून सुरुवात, आणि मग दरवर्षी थोडं थोडं, पायरी पायरीने, ८७१ पर्यंत. सत्तावीस वर्षं. मग २०१२ मध्ये नवं नाव आणि एका उडीत १,३१०. २०१७ ला आणखी एक नाव, १,७००. पूर्वी घर रिकामं झालं की मालकाला वीस टक्क्यांपर्यंत वाढ मिळायची, वर सुधारणांचे पैसे. ते वीस टक्के २०१९ ला बंद झाले. शेवटच्या ओळीत टेक्ससला गेलेला मुलगा, १,९००. रायडरवरचा आकडा खरा निघाला. मी जरा खट्टूच झाले. चोर सापडेल म्हणून दबा धरून बसावं आणि दारात पोस्टमन निघावा, तसं.

शेजारच्या कोलंबियन आजींना विचारलं तेव्हा त्या बाई त्यांना आठवत होत्या. फायर एस्केपवर काही ठेवायचं नसतं तरी तिथे पुदिन्याच्या कुंड्या ठेवायच्या आणि सुपर आला की आत घ्यायच्या. बस, एवढंच. मला मात्र आजही ओट्याशी उभी राहिले की ८७१ हा आकडा आठवतो.

राहिले दीडशे. सत्तावीस हजारांच्या सुधारणा कुठे होत्या? बाथरूम नवं होतं, ते कबूल. टब, टाइल्स, नळ, सगळं. पण स्वयंपाकघरातली कपाटं? एका दाराच्या कडेचा पोपडा निघालेला, तिथे मी नखाने खरवडलं तर खाली पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली करडा, आणि मग लाकूड. चाळीतल्या भिंतींचे असे थर मी लहानपणी खरवडलेत, मला ते ओळखू येतात. फ्रिजच्या आतल्या पट्टीवर २०१४ साल छापलेलं.

रायडरमध्येच लिहिलेलं असतं की करार झाल्यापासून साठ दिवसांत भाडेकरू सुधारणांचे पुरावे मागू शकतो. आम्ही सर्टिफाइड मेलने पत्र धाडलं, पोचपावतीसकट. नवरा म्हणत होता, "नव्या घरात येऊन महिना नाही झाला, कशाला भांडण?" मी म्हटलं, भांडण नाही, बिल मागतेय. वाण्याकडे मागतो तसं. तरी पत्र टाकून येताना पोटात गोळा होताच. उद्या गरम पाणी बंद झालं तर? सुपरने तोंड फिरवलं तर?

महिन्याभराने तीन पानं आली. ठेकेदाराचं बिल: बाथरूम ९,०००, 'किचन कॅबिनेट्स, नवीन', 'रेफ्रिजरेटर, नवीन', फरशी पॉलिश, रंगकाम. फोटो नाहीत. नियमाप्रमाणे कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो हवेत, आणि रंग-पॉलिश ही देखभाल, सुधारणा नव्हे. मी माझे फोटो काढले: पोपड्याचा अगदी जवळून, खाली मोजपट्टी धरून, आणि फ्रिजच्या पट्टीचा. जास्तीच्या भाड्याच्या तक्रारीचा फॉर्म असतो, आरए-८९, तो भरला, पण राज्याकडे पाठवला नाही. त्याची झेरॉक्स पत्राला जोडून मालकाच्या ऑफिसला धाडली. जाणूनबुजून जास्त भाडं घेतल्याचं ठरलं तर मालकाला तिप्पट परत करावं लागतं, हे पत्रात लिहिलं नाही. त्यांना माहीत असतंच.

ऑक्टोबरच्या शेवटी कराराची सुधारित पानं आली. सुधारणा: ९,०००, फक्त बाथरूम. महिन्याला पन्नास. भाडं २,००२.२५. चार महिन्यांचे जास्तीचे चारशे डॉलर नोव्हेंबरच्या भाड्यातून वळते. सोबत एक शब्दाचंही पत्र नाही, ना चूक झाली, ना क्षमस्व. आणि पाणी बंद झालं नाही. सुपर उलट लिफ्टमध्ये हळूच म्हणाला की तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनाही ते पत्र कसं लिहायचं ते हवंय.

मालकांची बाजूही आहे, ती खोटी नाही. जुनी इमारत, बॉयलर जुना, विमा भरमसाट. सत्तावीस वर्षं एकच भाडेकरू राहिला की घरातली वायरिंगसुद्धा त्याच जमान्यातली, आणि तिचा खर्च आता भाड्यातून निघत नाही म्हणून काही मालक अशी घरं कुलूप लावून ठेवतात, असं ते म्हणतात. गिरगावच्या टेकूंची आठवण असलेली मी हे हसण्यावारी नेणार नाही. पण म्हणून हिरव्यावर पिवळा मारलेल्या कपाटाला 'नवीन' म्हणायचं नसतं.

थंडीत घराची परीक्षा झाली. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा इथला हीटिंगचा मोसम. बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात ६८ ठेवणं मालकाला बंधनकारक, म्हणजे आपले वीस सेल्सिअस. आमच्याकडे वीस कसले, सव्वीस. वाफेचा रेडिएटर पहाटे पाचला असा खणखणतो की तळघरात कुणी घण घालतंय. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आम्ही खिडकी उघडी टाकून बनियनवर. खिडकीला जाळी आहे: दहा वर्षांपर्यंतचं मूल घरात असलं की मालकाला ती बसवून द्यावीच लागते. आई व्हिडिओ कॉलवर ती बघून म्हणाली, "ग्रिल चांगलं केलंय गं. आपल्या गॅलरीला अजून टेकूच आहे."

२०२६ च्या फेब्रुवारीत नूतनीकरणाचा फॉर्म आला. मालकाला तो करार संपायच्या दीडशे ते नव्वद दिवस आधी पाठवावा लागतो, आणि आपल्याला उत्तराला साठ दिवस. तेव्हाचे आकडे: एक वर्ष ३ टक्के, दोन वर्षं ४.५. म्हणजे २,०६२.३२ किंवा २,०९२.३५. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये भाडं गोठवण्याचं आश्वासन देऊन जोहरान ममदानी महापौरपदी निवडून आले होते. आम्हाला इथे मत नाही, पण मंडळात काय चालतं यावर आमचं घर जेवणाच्या टेबलावर रोज एक बैठक घ्यायचं. नवऱ्याने वहीत मांडलं: एक वर्ष घेतलं आणि पुढच्या वर्षीही तीनच टक्के वाढले, तर दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे पडतात, फरक महिन्याला डॉलरभराचा. गोठवलं, तर एक वर्षवाले चोवीस महिन्यांत सातशे वीस डॉलर वाचवतात. आणि तीनच्या वर गेलं तर दोन वर्षंवाले हसतात.

"तू काय म्हणतेस?" त्याने पेन माझ्याकडे सरकवलं.

मी एक वर्षाच्या चौकोनात फुली मारली. झेरॉक्स काढून ठेवली, तीही दोन.